सरत्या वर्षाचं मृत्युपत्र

दिग्ना ताकुरीला सासऱ्याला एकच वाक्य सांगायचं होतं: पापा, नव्या वर्षापासून मी इथे नसेन. वाक्यात अवघड शब्द एकही नाही. तरी सलग तीन वर्षं एकतीस डिसेंबर आला की ते तिच्या घशापर्यंत यायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचं. यंदा मात्र तसं भागणार नव्हतं. कुएन्का शहरातल्या चामड्याच्या एका मोठ्या गोदामात तिला हिशोबनिसाची नोकरी मिळाली होती, दोन तारखेला सकाळी हजर व्हायचं होतं, आणि तिथल्या मंडईमागे एका खोलीचं आगाऊ भाडंही तिने गुपचूप भरून टाकलं होतं.

कुएन्का म्हणजे काही समुद्रापार नाही. आमच्या ग्वालासेओहून बस पकडली की तासाभरात माणूस तिथे. पण आमच्या गावाची तऱ्हाच अशी, की माणसं न्यूयॉर्कला सहज जातात आणि कुएन्काला राहायला जाते म्हटलं की घरात सुतक पडतं. न्यूयॉर्कला गेलेला निदान पैसे तरी पाठवतो. दिग्नाचा नवरा फ्रँकलिन तिकडेच गेला होता, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. आधी काही वर्षं त्याचे पैसे आले, मग नुसते फोन आले, मग तिकडे त्याला मुलगी झाल्याची बातमी आली, तीही तिसऱ्याच माणसाकडून. त्या दिवशी त्याच्या बापाने, एर्मेल लितुमाने, भिंतीवरचा मुलाचा फोटो उतरवला आणि कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात ठेवला.

"आजपासून मला मुलगा नाही, मुलगी आहे," म्हणाला.

गावाने त्याचं केवढं कौतुक केलं! दिग्नालाही गहिवरून आलं होतं. सासू आजारी पडली तेव्हा तिचं सगळं दिग्नाने केलं, ती गेल्यावर म्हाताऱ्याचं जेवणखाण, औषध, कारखान्याची खरेदी-विक्री, सगळं आपसूक तिच्याकडे आलं. त्या जुडग्याने आपल्याला बांधून टाकलंय हे तिला फार उशिरा कळलं. वाईट माणसाच्या घरातून बाई निघून गेली तर लोक समजून घेतात. एवढ्या भल्या माणसाला टाकून जायचं म्हणजे तोंड कुठे दाखवायचं?

लितुमांचा बुटांचा कारखाना म्हणजे घराखालचा लांबट मजला आणि तिथे राबणारी आठ माणसं. एकतीस तारखेला काम बंद. खाली कामगार संध्याकाळी जाळायचा सरत्या वर्षाचा बाहुला भरायला बसत आणि वर काचेच्या छोट्या खोलीत सासरा-सून वर्षाचा हिशोब घेऊन बसत. एर्मेल डोळे मिटून, पोटावर हात ठेवून ऐकायचा. झोपला की काय असं वाटावं, पण एक आकडा इकडचा तिकडे झाला तर भुवई हलायची.

"चामडं?" त्याने विचारलं.

"महागलं. पण मार्चमध्ये आपण एकदम उचललं म्हणून वाचलो."

"उचला म्हणून मागे कोण लागलं होतं?"

"मी."

"मग! पुढे."

"सगळ्यांचा डिसेंबरचा जादा पगार वेळेवर दिला. कोणाचं काही राहिलेलं नाही. शाळेचे बूट हंगामात बरे गेले. पण पापा, पेरूकडून येणारा बूट आपल्या निम्म्या किमतीला मिळतोय. त्याचा सोल चिकटवलेला, आपलाही चिकटवलेलाच. मग गिऱ्हाइकाने आपला का घ्यावा?"

"का घ्यावा, तूच सांग."

"लोहा शहरातला बुटांचा व्यापारी म्हणतो, सोल शिवून द्या, वर्षभराची मागणी आत्ताच नोंदवतो. एवढे जोड आरीने हातावर शिवून व्हायचे नाहीत. मशीन लागेल. नाही घेतलं तर..."

"तर?"

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. 'बघू या पुढे' म्हणाली असती तरी चाललं असतं, म्हातारा विसरला असता. पण हिशोबात लबाडी करायची तिला सवयच नव्हती. "तर येत्या शाळांच्या हंगामापर्यंत आपण तगू," ती म्हणाली. "त्यापुढे नाही."

एर्मेलने डोळे उघडले. घाबरलेला मुळीच दिसेना. उलट त्याने खण ओढून त्यातून कागद काढले आणि लग्नाची बोलणी जमल्यासारखा चेहरा करून ते तिच्यापुढे सरकवले.

"तू हेच म्हणणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आधीच पतपेढीत जाऊन आलो. जुनंच पण चांगलं मशीन आहे, मालकाशी बोललोय. आता मला या वयात कर्ज कोण देतंय? व्यवस्थापक म्हणाला, मेस्त्रो, तुम्ही उद्या गेलात तर हप्ते स्वर्गातून भरणार का? म्हटलं, माझी मुलगी आहे की! तुझ्या नावावर काढू. पाच वर्षं. तू सही कर, दोन तारखेला मी स्वतः नेऊन देतो."

दिग्नाने कागदावर तिचं नाव वाचलं. छापलेलं होतं, जन्मतारखेसकट. पाच वर्षं कर्ज, म्हणजे पाच वर्षं कारखाना, म्हणजे पाच वर्षं ही काचेची खोली. आणि मशीन हवंच हे सकाळपासून पटवून कोणी दिलं? तिनेच. तिला स्वतःचाच संताप आला.

"पापा..."

"बोल की."

"मला एक..." ती थांबली. तो इतक्या मायेने बघत होता की तिने वाक्य बदललं. "मला एकदा नीट वाचू द्या सगळं. बाहुल्यानंतर सही करते."

"कर की बाहुल्यानंतर. पळून थोडीच चालली आहेस," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

झालं. यंदाचाही एकतीस डिसेंबर हातचा गेला होता. पण जिना उतरता उतरता दिग्नाला एक वाट सुचली, आणि ती सुचल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने खाली येऊन कामगार रिगोच्या ताटातला डुकराच्या मांसाचा एक खरपूस तुकडा उचलून तोंडात टाकला.

बाहुला जाळण्याआधी त्याचं मृत्युपत्र वाचायचं असतं. मरणारं वर्ष प्रत्येकाच्या नावाने काहीतरी ठेवून जातं, आणि ठेवता ठेवता त्याची यथेच्छ उडवतं. मालकाचा चिक्कूपणा, कोणाची दारू, कोणाची लफडी, सगळं त्यात येतं. नियम एकच: मृत्युपत्रात काही आलं तरी कोणी रागवायचं नाही, कोणी उलट उत्तर द्यायचं नाही. आमच्याकडे भावाभावांची भांडणं कोर्टात जातात, पण बाहुल्याने काढलेल्या उखाळ्यापाखाळ्या सगळे मुकाट्याने गिळतात. लितुमांच्या कारखान्यातलं मृत्युपत्र दरवर्षी दिग्नाच लिहायची. आठ जणांचं झालं होतं, मेस्त्रोचं, म्हणजे मालक एर्मेलचंही झालं होतं. स्वतःवर ती कधी काही लिहीत नसे. आज तिने शिवणमशीनच्या फळीवर कागद ठेवला आणि उभ्या उभ्या शेवटी चार ओळी वाढवल्या. रागवायची सोयच नाही अशी वर्षातली एवढी एकच जागा. तिथून सांगू. एकदा सगळ्यांच्या कानावर गेलं की मग म्हाताऱ्यालाही नाही म्हणता येणार नाही आणि मलाही माघार घेता येणार नाही, असा तिचा बेत.

"काय गं कोमाद्रे, एकटीच हसतेयस? माझं काय काय काढलंयस?" रिगोने विचारलं. रिगो कातडं कापायचा. त्याच्या धाकट्या मुलीची धर्ममाता दिग्ना होती, म्हणून दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणत. आज तो रिवाजाप्रमाणे सरत्या वर्षाची विधवा झाला होता. अंगात कारखान्यातल्या तार्खेलियाबाईंचा काळा झगा, छातीला दोन फुगे, ओठांवर लाली आणि लालीभोवती तीन दिवसांची दाढी.

"वाचशील तेव्हा कळेल, कोम्पाद्रे. आणि शेवटचं पान खणखणीत वाच. गिळू नकोस."

"विधवा आहे मी, दुःखाने आवाज बसलाय माझा!"

"दुःखाने नाही, सकाळपासून ढोसतोयस त्याने," बुटांचे वरचे भाग शिवणाऱ्या तार्खेलियाबाई म्हणाल्या. "आणि तो झगा फाडलास तर उद्या तुझ्या बायकोचा घेऊन जाईन."

घरोघरचे बाहुले मध्यरात्री जळतात, म्हणून कारखान्याचा बाहुला ऊन उतरता उतरताच उरकायचा, म्हणजे सगळे वेळेवर घरी. अंगणात तो खुर्चीवर बसवला होता. आत कातड्याच्या चिंध्या आणि भुसा, अंगावर मेस्त्रोचा जुना एप्रन, डोक्यावर मेस्त्रोचीच टोपी. शेजारी खुद्द मेस्त्रो दुसऱ्या खुर्चीवर. कोण कोणासारखा दिसतोय यावर बरीच थट्टा झाली. मक्याचे उकडलेले दाणे, मांस, रोसेरो या गोड पेयाचे पेले फिरले. मग रिगोने बाहुल्याच्या गळ्यात पडून एक गगनभेदी हंबरडा फोडला, नाक पुसलं आणि वाचायला घेतलं:

"रिगोच्या नावे करतो गजराचं घड्याळ,
सोमवार उजाडला की नको टाळाटाळ!"

"अरे, हे तर माझंच!" म्हणत त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

"तार्खेलियाबाईंना देतो कुलूप आणि चावी,
जेवणाच्या सुट्टीत तरी जीभ बंद व्हावी!"

तार्खेलियाबाई सर्वांत मोठ्याने हसल्या. नियमच तसा. एकेकाचं होत गेलं, हसून हसून लोक मांड्या थोपटू लागले.

"मेस्त्रोच्या हाती देतो रापी धारदार,
शिवलेला खिसा उसव म्हणावं एकवार!"

एर्मेलने उठून खिसा बाहेर काढून दाखवला. रिकामाच होता. टाळ्या पडल्या. दिग्ना भिंतीला टेकून उभी होती. रिगोने पान उलटलं, डोळे बारीक केले आणि सांगितल्याप्रमाणे खणखणीत आवाजात सुरू केलं:

"दिग्नाच्या नावे करतो रस्ता कुएन्काचा,
नव्या वर्षी नाही ती, निरोप घ्या तिचा.
किल्ल्या खुंटीला टांगते, कागद कोरा राही..."

हसू आलं ते चौथ्या ओळीच्याही आधी. आधी एकट्या एर्मेलचं. मान मागे टाकून, खुर्चीच्या हातावर थापा मारत म्हातारा हसला, आणि मालक हसला म्हटल्यावर अंगणच्या अंगण हसलं. रिगोला शेवटची ओळ ओरडावी लागली: "पाच वर्षं कसली, ती पाच दिवसही नाही!"

"दिग्ना आणि कुएन्का!" कोणीतरी म्हणालं.

"तिथे जाऊन काय करणार? रस्त्यांचा हिशोब मांडणार?"

"ही गेली तर मेस्त्रोला मोजे कोण शोधून देणार?"

"खरं आहे ते," दिग्ना म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. ती भिंतीपासून पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "खरं आहे! मी खरंच चाललेय!"

आता तर हसण्याला ऊत आला. विधवा झालेल्या रिगोने धावत येऊन तिला मिठी मारली. "अगं माझे बाई! आधी नवरा गेला, आता तूही मला टाकून चाललीस!" फुग्यांपैकी एक फुटला. लोक लोळायचे तेवढे बाकी होते. जिथे कोणी रागवत नाही तिथे कोणी खरंही मानत नाही, एवढी साधी गोष्ट दरवर्षी मृत्युपत्र लिहिणाऱ्या बाईच्या ध्यानात आली नव्हती. रिगोच्या खांद्यावरून तिने सासऱ्याकडे पाहिलं. तो रुमालाने डोळे पुसत होता आणि तिच्याकडे मुळीच बघत नव्हता.

बाहुल्यावर रॉकेल शिंपडायला मंडळी लागली तशी ती सरळ जिना चढून काचेच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने एर्मेल धापा टाकत आला आणि खुर्चीत बसला.

"फर्मास लिहिलंस यंदा," तो म्हणाला. "कर सही."

"पापा, मी नव्या वर्षापासून इथे नसेन."

आलं. घशातून एकदाचं बाहेर आलं.

"झाली की थट्टा," एर्मेल शांतपणे म्हणाला. "हसलोही सगळे. तोच विनोद दोनदा करू नये, पोरी."

"तुम्हाला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"शेवटची ओळ आली नव्हती. बाकीच्यांना कळायच्या आधी तुम्ही हसलात. मुद्दाम हसलात, पापा."

म्हातारा टेबलाच्या कडेवरचा वाळलेल्या सोल्युशनचा डाग नखाने खरवडू लागला. मग म्हणाला, "मग काय करायला हवं होतं? त्या सगळ्यांसमोर रडायला?"

त्याने आरडाओरडा केला असता तर दिग्ना तयार होती. केलेलं सगळं काढलं असतं, उपकार मोजून दाखवले असते, तरी तिच्याकडे उत्तरं होती. तीन वर्षं रात्री-बेरात्री तिने ती घोकली होती.

"तो निघाला तेव्हाही मी हसलोच होतो," एर्मेल म्हणाला. मुलाचं नाव तो घेत नसे. "विमानतळावर. म्हटलं, जा रे, मजा कर. घरी येईपर्यंत तोंड दुखत होतं." त्याने कागद तिच्या बाजूला सरकवला, वर पेन ठेवलं. मग उठून दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. "हे बघ, मी काही बोलणार नाही. सहाची बस अजून आहे. सही करायची तर कर. नाही तर जा. खाली मीच सांगेन सगळ्यांना, मीच पाठवली म्हणून. कोणी तुला नावं ठेवणार नाही."

हे तो मनापासून म्हणाला की आयुष्यभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेल्या माणसाचा तो शेवटचा डाव होता, देव जाणे. दिग्नाने उघड्या दाराकडे पाहिलं. पिशवी तिच्या खोलीत भरलेली होती. जिना, अंगण, फाटक, कोपऱ्यावर बस. इतकी वर्षं तिला वाटत होतं की फक्त कोणीतरी 'जा' म्हणायची खोटी आहे.

काचेतून खाली अंगण दिसत होतं. तार्खेलियाबाई उरलेले मक्याचे दाणे डब्यात भरून घेत होत्या. सुई ओवायला आता त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागायचा. दुसरीकडे त्यांना कोण कामावर घेणार? रिगो फुटक्या फुग्यासकट आपल्या धाकटीला खांद्यावर घेऊन नाचत होता. हंगामानंतर काय, हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. सकाळी तिनेच हिशोब केला होता आणि तो चुकलेला नव्हता. मशीन आलं तर ही माणसं इथे राहतील, आणि मशीन फक्त तिच्या नावावरच येणार होतं. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. मंडईमागची ती खोली तिने एकदाच पाहिली होती. एक खाट, एक खिडकी, आणि संध्याकाळी दार उघडल्यावर 'आलीस का?' म्हणायला कोणी नाही.

इथे कोणी अडवत नव्हतं, हेच तिला सहन होईना. अडवलं असतं तर ती झटकून गेली असती.

ती खुर्चीवर बसली. पेन उचललं. तीनही प्रतींवर, जिथे जिथे फुली होती तिथे तिथे, सही केली. हिशोबाच्या कागदांवर करते तशीच, सुबक, एका वळणाची. मग कागद नीट जुळवून तिने सासऱ्यापुढे ठेवले.

तो आनंदेल असं तिला वाटलं होतं. एर्मेलने कागद हातात घेतले नाहीत. तो सहीकडे बघत राहिला, आणि मघाशी अंगणात दाबून ठेवलेलं आता त्याच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "तू जाशील."

"मलाही," दिग्ना म्हणाली.